टर्नटेबलखालचे स्प्रिंगचे पाय : घोडबंदर रोडवरच्या घरातून

रेकॉर्डच्या खाचेतली सुई हलते तेव्हाच विद्युतसंकेत तयार होतो. ती गाण्यामुळे हलली की घोडबंदर रोडवरून गेलेल्या कंटेनरमुळे, हा भेद कार्ट्रिजला (सुईच्या हालचालीचा विद्युतसंकेत करणाऱ्या भागाला) करता येत नाही. त्यातून मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजचा संकेत अवघा ५ मिलिव्होल्टच्या आसपास असल्याने तो वाढवताना नको असलेली थरथरही तितकीच वाढते. त्यावर उपाय म्हणून स्प्रिंगच्या चार पायांचा संच ऑनलाइन मागवला.

प्रत्येक पायात सात सुट्या स्प्रिंगा येतात, पण त्यांतल्या किती ठेवायच्या हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. सातही ठेवल्या तर हलक्या टर्नटेबलखाली त्या जेमतेम ३ मिलिमीटर दबतात, म्हणजे त्यांची नैसर्गिक वारंवारता (धक्का बसल्यावर त्या आपसूक सेकंदाला किती वेळा डुलतात ती संख्या) ९ हर्ट्झच्या आसपास राहते. टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज यांचा अनुनादही, म्हणजे ते सर्वांत जास्त डुलतात ती वारंवारताही, साधारण ८ ते १२ हर्ट्झमध्येच असल्यामुळे थरथर कमी होण्याऐवजी वाढते आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत वूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) पडदा आत-बाहेर डुलताना दिसतो. तीनच स्प्रिंगा ठेवल्यावर दाब ७ मिलिमीटरवर गेला, वारंवारता ६ हर्ट्झपर्यंत उतरली आणि ते डुलणे बरेच आटोक्यात आले. मोटरच्या बाजूला मात्र एक स्प्रिंग जादा घालावी लागली, नाहीतर प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) तिरपा राहतो. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवून रॅकवर बोटाने ठोकले की पूर्वी स्पीकरमधून स्पष्ट ‘धप्प’ ऐकू येई. आता कान देऊन ऐकावे लागते. तबल्याच्या रेकॉर्डमध्ये डग्ग्याचा घुमारा मोकळा झाला, हा मला सर्वांत मोठा लाभ वाटतो.

रॅकजवळून कोणी धावत गेले तर मात्र सुई अजूनही उडते, कारण इतक्या संथ हादऱ्यांपुढे या स्प्रिंगांचे काही चालत नाही. तिथे भिंतीला ठोकलेली फळीच बरी. विक्रेता हेच पाय अँप्लिफायरखालीही लावायला सांगतो. व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अँप्लिफायरला त्याचा उपयोग होऊ शकतो, कारण व्हॉल्व्हमधले इलेक्ट्रोड थरथरले की ती थरथर संकेतात उतरते. माझ्या ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरमध्ये तिळमात्र फरक जाणवला नाही.

अमेरिकन संशोधक एडगर विल्चर यांनी १९६१ च्या एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीच्या टर्नटेबलमध्ये प्लॅटर आणि टोनआर्म एकत्र स्प्रिंगांवर तोलले होते. तशी रचना आतच असलेल्या टर्नटेबलखाली हा संच घेऊ नये.