1/6 स्केलचा ब्रिटिश पॅराट्रूपर: मुंबईतला एक पावसाळा काढल्यानंतर

बॉक्स उघडतानाचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. पण ही फिगर, म्हणजे सैनिकाची कपडे घातलेली छोटी प्रतिकृती, आपल्याकडच्या दमट हवेत महिनोन् महिने राहिली की तिचं काय होतं, हे घेणाऱ्याला आधी कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्याकडची फिगर आहे सप्टेंबर 1944 मध्ये नेदरलँड्समधल्या आर्नहेमला पॅराशूटने उतरलेल्या ब्रिटिश फर्स्ट एअरबोर्न डिव्हिजनच्या सैनिकाची. 1/6 स्केल म्हणजे खऱ्या माणसाच्या सहाव्या भागाएवढी, उंची साधारण 30 सेंटिमीटर. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीचा 1964 चा पहिला जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक याच उंचीचा होता, पण तो मुलांच्या हातात द्यायचा. पुढे हाँगकाँगच्या ड्रॅगन, डीआयडी वगैरे कंपन्यांनी मोठ्यांसाठी जे सुरू केलं, ते प्रकरणच वेगळं.

किंमत पंधरा हजारांच्या पुढे, वर कस्टम्स. खेळण्यांवरची बेसिक ड्युटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेली आणि 2023 मध्ये 70 झाली. ऑर्डर देण्याआधी हा हिशेब करूनच घ्या.

हे पैसे वसूल होतात ते कपड्यांत. डेनिसन स्मॉक, म्हणजे पॅराट्रूपरचं छद्मरंगी सैल जॅकेट, खऱ्या कापडाचा आहे, मनगटाला विणलेले कफ आणि मागे लोंबणारी एक पट्टी. ही पट्टी पायांमधून पुढे घेऊन बटणाने लावायची, म्हणजे उडी मारल्यावर वाऱ्याने स्मॉक वर चढत नाही. फोटोत ती कितीदा पाहिली होती, पण चिमट्याने ते बारीक बटण लावताना तिचं काम खरं समजलं. वेबिंगचं, म्हणजे सामान अडकवायच्या जाड विणीच्या पट्ट्यांचं आणि पाऊचचंही तसंच. 1937 पॅटर्न या ब्रिटिश संचाचे पुढचे दोन पाऊच एवढे मोठे का, तर त्यांचं माप ब्रेन या हलक्या मशीनगनच्या मॅगझिनवरून ठरलंय. सेक्शनची, म्हणजे सैनिकांच्या छोट्या तुकडीची, ब्रेन एकाकडे असली तरी तिची मॅगझिन सगळेच वाहायचे. पट्टे पाठीवर फुलीसारखे घेऊन पाऊचच्या बकलांत ओवले की पुढचं आणि मागचं वजन एकमेकांना कसं तोलून धरतं, ते बोटांना कळतं. या छंदातली मला सर्वांत प्रिय गोष्ट हीच आहे.

बॉडी ठीकठाक. पूर्ण सामान चढवल्यावर घोटे भार घेत नाहीत, महिन्याभरात फिगर पुढे कलायला लागते. स्टँड लावाच, शोकेसमध्ये दिसला तरी चालेल. पंजे बदलताना मनगटाची खुंटी मोडते असं बरेच जण म्हणतात. हेअर ड्रायरने पंजा अर्धा मिनिट गरम केला तर मऊ होऊन सहज बसतो, जोर लावावा लागत नाही. चेहऱ्याचं रंगकाम अप्रतिम आहे, दाढीचे खुंटसुद्धा जाणवतात.

आता पावसाळा. कापड, वेबिंग आणि धातूची स्टेन गन यांना काहीही झालं नाही. बकलांवर किंचित काळपटपणा आला, तो उलट शोभतो. पण नकली चामड्याचं जे जे आहे, ते सगळं धोक्यात. बुटांच्या घडीवर ऑगस्टमध्येच चिरा पडल्या, आणि हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्ट्याचे पापुद्रे निघायला लागले. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. हा दोष एका फिगरपुरता नाही. त्या मटेरियलचा वरचा थर दमट उष्ण हवेत सुटतोच, सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहिल्या तर थोडा उशिराने. म्हणून किनारपट्टीवर राहणाऱ्यांना माझं स्पष्ट मत सांगतो: लांब लेदर कोट आणि उंच बूट घातलेले जर्मन अधिकारी कितीही देखणे असले तरी घेऊ नका. कापड आणि वेबिंगवाले ब्रिटिश घ्या. शोकेसवर ऊन येत नाही ना, तेही पाहा.

याच वेबिंगमुळे पुढचं काम सुचलं. 1937 पॅटर्न दुसऱ्या महायुद्धात आपल्या पलटणीही वापरायच्या. रायगड जिल्ह्यातल्या माणगावात ज्यांचा पुतळा आहे ते नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीचे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, आपल्या सेक्शनमधले सगळे पडल्यावर, ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. ग्रेनेड टाकला, टॉमी गनने (हातातली छोटी मशीनगन) एकाला टिपलं आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांवर बंदुकीचा दस्ता चालवला. त्यानंतर तिथेच त्यांना गोळ्या लागल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. बंद पाऊचमधून मॅगझिन काढायला किती वेळ जातो याचा अंदाज मला आता आहे, त्यामुळे त्यांच्या या पराक्रमाची नोंद वाचताना अंगावर काटा येतो.

त्या काळातला मराठा जवान किटबॅश करून, म्हणजे वेगवेगळ्या संचांचे सुटे भाग जोडून, उभा करायला घेतलाय. जास्तीचा वेबिंग सेट आणि टॉमी गन सुटी मिळाली. खाकी ड्रिलचे कपडे इथेच शिवून घेतोय, बूट मात्र नकली चामड्याचे नकोत, रेझिनमध्ये (कडक प्लॅस्टिकसारख्या पदार्थात) ओतलेले शोधतोय. कुणाला माहीत असतील तर जरूर कळवा.