डाएटच्या डब्यातली चार वाजताची पुडी

दादरच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडून येणारा वजन कमी करण्याचा डबा मी गेले तीन महिने फोर्टमधील कार्यालयात घेत आहे. त्याआधी अन्यत्र मिळालेल्या सल्ल्यानुसार दोन्ही वेळच्या जेवणाऐवजी पावडरीचा शेक घेत होते. पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरले आणि दुसऱ्या आठवड्यात चर्चगेटच्या फलाटावर घाम फुटून हात थरथरू लागले. उतरले होते ते बहुतांशी पाणीच, कारण शरीरात साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, खर्च होताना त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जाते.

बाईंनी वजनाआधी औषधे विचारली, हे मला विशेष वाटले. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांकडून मात्रा तपासून घेतल्याखेरीज त्या डबा सुरू करत नाहीत. खाणे घटवून औषध तेवढेच ठेवले, तर रक्तातील साखर 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली घसरू शकते. मला मधुमेह नाही, तरीही त्यांनी हिमोग्लोबिन तपासायला लावले आणि आठवड्याला अर्ध्या किलोची घट पुरेशी आहे, असे बजावले.

डब्यात ज्वारीची भाकरी, मटकीची किंवा मुगाची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि वाटीभर भात असतो. भात बंद करायला लावत नाहीत, हे कोकणातल्या माणसाला सांगायलाच हवे. मात्र माझ्या मते या सेवेचे खरे मोल सोबतच्या पुडीत आहे. मूठभर फुटाणे आणि एक फळ, तेही चारच्या सुमारास खायचे. माझा अशक्तपणा दुपारी एकचे जेवण आणि बोरिवलीला घरी पोहोचून रात्री नऊला घेतलेले जेवण यांमधल्या आठ तासांत दडलेला होता, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

उणिवाही आहेत. भाकरी दुपारपर्यंत कडक होते आणि दुधी आठवड्यातून दोनदा येतो. पावसाने लोकल रखडल्या की डबा अडीचला पोहोचतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उशीर होणार असल्याचे कोणी कळवत नाही, आणि वेळेवर खाण्याचा आग्रह धरणाऱ्या सेवेला हे शोभत नाही.

आतापर्यंत साडेचार किलो कमी झाले असून संध्याकाळची थरथर पुन्हा झालेली नाही. पुढील महिन्यापासून मी आठवड्याला तीनच डबे घेणार आहे, कारण उसळीचे प्रमाण आता घरी जमू लागले आहे.