वाचनालयातल्या कात्रणांच्या फायली: नक्की बघा, पण आतला पंखा लावायला सांगा

सिंधुदुर्गात सुट्टीला आलात आणि पावसाने बीच बंद असला तर आमच्या तालुक्याच्या वाचनालयात जा, कादंबऱ्यांसाठी नको (त्या जुन्याच आहेत), आतल्या खोलीतल्या फायलींसाठी जा. कोणी मोठं माणूस वारलं की इथले ग्रंथपाल काका त्यांची फाईल करतात, कात्रणं, जुने दिवाळी अंक, मुलाखती सगळं एकत्र. पेपरात काय येतं, पुरस्कारांची यादी आणि 'पोकळी निर्माण झाली', झालं. इथे माणूस काम कसं करायचा ते कळतं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचीच फाईल घ्या, मे २०२५ मध्ये गेले ते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएलबरोबरचं काम आणि १९८८ला पुण्यात उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था हे माहीत असतंच, पण १९७४ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' नावाने कथा पाठवली आणि पहिला नंबर काढला, हे वाचून मी तिथेच हसलो. नावावर बक्षीस नको होतं बाबांना!

नाटककार गंगाराम गवाणकरांची फाईल सगळ्यात जाड, साहजिक आहे, राजापूर तालुक्यातल्या माडबनचा माणूस. ऑक्टोबर २०२५ला गेले. त्यांच्या 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकाचे ५०००च्या वर प्रयोग झाले हे इथे शेंबडं पोरही सांगेल, पण सुरवातीला नाटक चालत नव्हतं आणि पुलंनी कौतुक केल्यावर गाडी रुळावर आली, हे आजच्या पोरांना कुठे माहीत असतं. त्यात काम करणाऱ्या मच्छिंद्र कांबळींचे फोटो पण आहेत, मस्त.

शिल्पकार राम सुतारांची फाईल नवीन आहे, डिसेंबर २०२५ची. धुळ्याच्या गोंदूरचा माणूस, शंभरी गाठली, १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा त्यांचा आणि आपल्या राजकोट किल्ल्यावरचा नवा शिवाजी महाराजांचा पण सुतार बापलेकांचाच. फाईल वाचून मालवणला जाऊन तो बघा, वेगळाच दिसतो.

तक्रार एकच पण मोठी आहे. मंगलाताई नारळीकरांची फाईलच नाही! २०२३ला गेल्या, स्वतः गणितज्ञ, बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष, पुस्तकात बहात्तर हे 'सत्तर दोन' असं वाचायला दिलं त्यावरून महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झालेला तेव्हा. आणि इथे नवऱ्याच्या फाईलीत एका फोटोपुरत्या. काकांना बोललो तर म्हणाले कात्रणं आण, करूया.

बाकी लॅमिनेशन दमट हवेने सुटलंय, झेरॉक्स नाही, फोटो विचारून काढा. फाईल घरी मागू नका, 'हंयच बसान वाचूची, घराक न्हेवची नाय' असं ऐकून घ्याल. संध्याकाळीच उघडं असतं, लाईट गेली की बंद. पाचपैकी चार स्टार, मंगलाताईंची फाईल झाली की पाचवा देतो.