कोलंबोचा संपूर्ण डीव्हीडी संच: पीटर फॉकची पस्तीस वर्षे

पीटर फॉक या अमेरिकन नटाने रंगवलेल्या, लेफ्टनंट कोलंबो या पोलीस अधिकाऱ्यावरच्या टीव्ही मालिकेच्या सर्व ६९ भागांचा डीव्हीडी संच मी गेल्या वर्षी मे महिन्यात मागवला आणि मृग लागल्यापासून दिवाळीपर्यंत हर्णैच्या घरी, माजघरात बसून, पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत क्रमाने पाहिला. सोबत माझे धाकटे काका होते. त्यांची सारी नोकरी मालवाहू बोटींवर भंडारी म्हणून, म्हणजे जहाजाच्या भटारखान्यात, झाली. ‘कोलंबो’ हे नाव ऐकल्यावर त्यांना आधी बंदरच आठवले.

या मालिकेत खून कोणी केला हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच दाखवलेले असते. मग चुरगळलेला रेनकोट घातलेला, बोलता बोलता कपाळाला हात लावणारा पोलीस अधिकारी येतो आणि त्या श्रीमंत, हुशार माणसाला हळूहळू कोंडीत पकडतो. कथेचा शेवट ठाऊक असल्यामुळे लक्ष सगळे अभिनयाकडे जाते, आणि म्हणूनच हा संच मला एका नटाच्या चरित्रासारखा वाटला. १९६८ च्या पहिल्या दूरचित्रपटात फॉक चाळीस वर्षांचा आहे, केस नीट विंचरलेले, बोलणे धारदार. २००३ च्या शेवटच्या भागात तो पंचाहत्तरीचा आहे. रेनकोटसुद्धा त्याचा स्वतःचा होता, न्यूयॉर्कमध्ये एकदा पावसात सापडल्यावर विकत घेतलेला.

फॉकचा जन्म १६ सप्टेंबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. तिसऱ्या वर्षी कर्करोगाच्या गाठीमुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला आणि पुढचे सारे आयुष्य काचेच्या डोळ्याने गेले. मान किंचित कलती ठेवून समोरच्याकडे रोखून पाहण्याची जी लकब आपण कोलंबोची समजतो, तिचे मूळ तिथे आहे. डोळ्यामुळे सैन्यात घेतले नाही म्हणून तो व्यापारी जहाजांवर गेला आणि तिथे स्वयंपाकी झाला. बोटीवर कॅप्टनला दिसले म्हणजे पुरे, असे तो सांगत असे. हे मी काकांना वाचून दाखवले तेव्हा ते क्षणभर थांबून म्हणाले, “म्हणजे हा आपल्यातलाच की रे.” त्यानंतर एकही भाग त्यांनी चुकवला नाही.

पुढे फॉकने सिरॅक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली, कनेक्टिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागात नोकरी केली, आणि हौशी नाटकांतून कामे करता करता विशीच्या अखेरीस ती सोडून पूर्णवेळ नट झाला. एका बड्या स्टुडिओच्या प्रमुखाने, तेवढ्याच पैशांत दोन डोळ्यांचा नट मिळतो, असे सांगून त्याला परत पाठवले होते. त्याच फॉकला १९६० आणि १९६१ च्या चित्रपटांसाठी सलग दोनदा सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले.

संचातला आमचा सर्वांत आवडता भाग १९७५ चा, प्रवासी जहाजावर घडणारा. कोलंबो सुट्टीवर आहे आणि येता-जाता जहाजाला ‘बोट’ म्हणतो. कॅप्टन दर वेळी, ‘बोट नव्हे, जहाज,’ अशी दुरुस्ती करतो. आमच्याकडे तर महाकाय जहाजावरचा माणूससुद्धा ‘बोटीवर’च असतो, त्यामुळे काकांची सहानुभूती पूर्णपणे कोलंबोकडे होती. जहाजावर सापडलेल्या एका पिसावरून तो तपासाचा धागा पकडतो. ते पीस बोटांत धरून पाहताना फॉकचा चेहरा एकदम स्थिर होतो, आणि त्या दोन-चार सेकंदांत विसरभोळा माणूस जाऊन पोलीस कसा उभा राहतो, हे पाहण्यासाठी मी तो प्रसंग तीनदा मागे नेला.

१९७१ ते १९७८ या काळातले भाग निःसंशय सरस आहेत. त्यांतल्या एकाचे दिग्दर्शन चोवीस वर्षांच्या स्टीव्हन स्पीलबर्गने केले आहे. १९८९ नंतरचे काही भाग मला ताणलेले वाटले, आणि त्यांत फॉकच्या लकबी थोड्या जाड झालेल्या दिसतात. तरीही या भूमिकेसाठी मिळालेल्या चार एमी (अमेरिकन टीव्हीच्या) पुरस्कारांपैकी एक १९९० चा आहे, आणि तो उगाच दिलेला नाही.

आता संचाविषयी. चित्र जुन्या टीव्हीच्या जवळजवळ चौकोनी आकारातले आहे. ते रुंद पडद्यावर ताणू नये, चेहरे चपटे होतात. अमेरिकेतला संच आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर चालत नाही, कारण डीव्हीडी जगाच्या विभागांनुसार वेगळ्या असतात; सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारा प्लेअर लागतो. माझ्या संचात एक तबकडी दोनदा आणि दुसरी गायब होती. विक्रेत्याने बदलून दिली, पण त्यासाठी पाच पत्रे आणि सव्वा महिना गेला. तेव्हा खोके हाती येताच सगळ्या तबकड्या मोजून घ्याव्यात.

कोकणातल्या दमट हवेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. श्रावणात दोन तबकड्यांच्या कडेला पांढरी बुरशी धरली. मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसल्यावर त्या सुरळीत चालल्या. गोल गोल पुसले असते तर चरे पडले असते. तेव्हापासून संपूर्ण संच घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवला आहे. जहाजाच्या भागाची तबकडी मात्र काकांच्या उशापाशी असते.