ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन: चालू की बंद?
हातात कॅमेरा असताना स्टॅबिलायझेशन (थरथरीने फोटो पुसट होऊ नये म्हणून असलेली सोय) चालूच हवं. ट्रायपॉडवर मात्र मी ते बंद करतो, सेकंदभराहून लांब एक्स्पोजर (शटर उघडं राहण्याचा वेळ) असेल तर हमखास. आतला जायरो सेन्सर सतत थरथर शोधत असतो. कॅमेरा अगदी स्थिर असला की सेन्सरच्या सिग्नलमधला किरकोळ गोंधळही त्याला हालचाल वाटू शकतो. मग आतलं भिंग उगाच सरकतं आणि रात्रीचे दिवे, तारे पुसट येतात. १९९५ च्या कॅननच्या ७५-३०० आयएस (म्हणजे स्टॅबिलायझेशन असलेल्या) लेन्ससारख्या जुन्या लेन्सवर हे जास्त जाणवतं. नंतरच्या बऱ्याच लेन्स ट्रायपॉड ओळखतात.

चालू कधी ठेवावं? जोराचा वारा असेल, ट्रायपॉडचे पाय हलत्या पुलावर असतील किंवा लांबचं टिपणाऱ्या टेलिफोटो लेन्ससाठी ट्रायपॉडचं हेड (कॅमेरा बसवायचा वरचा भाग) सैल सोडलं असेल तेव्हा. मोनोपॉडवर (एकाच पायाच्या स्टँडवर) तर नक्कीच. शंका असल्यास दोन्ही प्रकारे फोटो काढून मोठे करून पाहा.