सीमालढ्याच्या आठवणींचे संग्रह: पैसे देण्याआधी पानं चाळून बघा

हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी अशी बेळगावच्या आसपासची साहित्य संमेलनं ओळीने लागतात. मांडवाच्या तोंडाशी पुस्तकांचे स्टॉल असतात आणि त्यात कथा-कवितांच्या शेजारी एक गठ्ठा हमखास दिसतो. सीमालढ्याच्या, म्हणजे बेळगाव आणि आसपासचा मराठी भाग महाराष्ट्रात यावा यासाठीच्या लढ्याच्या आठवणी, सत्याग्रहींची मनोगतं, गोळीबाराच्या हकिकती, कुठल्या तरी मंडळाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. मुखपृष्ठावर मशाल, नाहीतर मूठ. हे परीक्षण या सगळ्या गठ्ठ्याचं आहे, एका पुस्तकाचं नाही. यातली बहुतेक पुस्तकं एकदाच छापली जातात आणि संपली की संपली. नाव सांगून उपयोग नाही, पारख सांगितली तर आहे.

आधी बांधणी. स्मरणिका असेल तर पुढची-मागची पानं पतसंस्था, सराफ आणि मंगल कार्यालयांच्या जाहिरातींनी भरलेली असणार, त्यात गैर काही नाही, छपाईचा खर्च त्यातूनच निघतो. पण शुभेच्छा-संदेश संपून पहिला खरा लेख कितव्या पानावर सुरू होतो ते बघा. निम्मा अंक संदेशांतच गेला असेल तर खाली ठेवा. जाड पुस्तकात फर्मे, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या आणि शिवलेल्या पानांचे जुडगे, मोजा. साध्या आकाराच्या पुस्तकाचा फर्मा सोळा पानांचा, म्हणजे १६ नंतर १७, ३२ नंतर ३३, ४८ नंतर ४९ हे सांधे तपासायचे. एखादा फर्मा गळणं किंवा दोनदा शिवला जाणं छोट्या छापखान्यांत होतंच, आणि ते घरी गेल्यावर, नेमकं साक्षीच्या मध्यावर लक्षात येतं.

मग मजकूर. चांगल्या-वाईट संग्रहात फरक कुठे असेल तर प्रत्येक लेखाच्या शेवटी. तिथे लेख पहिल्यांदा कधी आणि कुठे छापला, किंवा आठवण कुणी, कधी, कुठे बसून टिपून घेतली, याची एक ओळ हवी. ती नसेल तर १९५६ साली लिहिलेला संतापाचा लेख आणि २००६ साली पन्नाशीच्या अंकासाठी सांगितलेली आठवण एकाच आवाजात वाचली जातात. दोन्ही खऱ्याच, पण एकीत माणसाला पुढे काय होणार ते माहीत नाही आणि दुसरीत माहीत आहे. कात्रणांवरून बनवलेल्या संग्रहांत आणखी एक घोळ असतो. कात्रणात ‘काल’ छापलेलं असतं. संपादक अंकाची तारीख उचलतो, ‘काल’ तसाच ठेवतो, आणि १७ तारखेची घटना १८ची होऊन बसते. पुढचा लेखक तिथूनच उतरवतो. तारीख एका दिवसाने पुढे दिसली की आधी हाच संशय घ्यावा.

तारीख मुळीच दिली नसेल तर शब्द सांगतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, मग ते म्हैसूर राज्यात गेलं. म्हणून १७ जानेवारी १९५६च्या गोळीबारासाठी ‘कर्नाटक पोलिसांनी’ असं लिहिलेलं दिसलं की समजावं, लेखकाने पुढच्या तीस वर्षांचा राग मागे नेऊन लावलाय. त्या दिवशी सरकार मुंबईचं होतं. ही चूक इतक्या ठिकाणी आहे की ती नसलेला संग्रह दिसला तर लगेच घ्यावा. तसंच महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. त्याआधीच्या हकिकतीत ‘महाराष्ट्र सरकार’ आलं तर मजकूर मागाहून दुरुस्त केलेला. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला, पण लोक बोलताना त्याआधीही कर्नाटक म्हणत, तेव्हा या खुणेवर फार भिस्त नको. ‘बेळगावी’ हे सरकारी रूप २०१४चं.

आकड्यांचंही तेच. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची संख्या कुठे १०५, कुठे १०६, कुठे १०७ सापडते. एकाच पुस्तकात तिन्ही सापडले तर संपादकाने लेख एकमेकांशी ताडून बघितलेले नाहीत, एवढं नक्की. गावांच्या बाबतीत जुन्या लेखांत ८१४ आणि अलीकडच्या लेखांत ८६५ असतं. हे महाराष्ट्राच्या मागणीचे आकडे. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली दिलेले आकडे वेगळे: २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ म्हैसूरला, आणि बेळगाव शहर आहे तिथेच. मागणीचा आकडा आणि शिफारशीचा आकडा एका वाक्यात कालवलेला दिसला की त्या लेखातल्या बाकी आकड्यांवरही पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवा.

आपल्याकडे हुतात्मा दिन दोन, त्यामुळे आणखी गुंता. १७ जानेवारी १९५६चा आणि १ जून १९८६चा. दुसरा कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनातला, त्याचं स्मारक हिंडलग्याला. वयस्क माणसाच्या सांगण्यात हे दोन दिवस सहज एकमेकांत मिसळतात. जानेवारीच्या हकिकतीत मध्येच पावसाचा चिखल आणि पेरणी येते. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याने दोन्ही पाहिलेलं असतं. हे दुरुस्त न करता तळटीपेत नोंदवणारा संपादक खरा जाणता. चूक गुपचूप सुधारून वाक्य गुळगुळीत करणाऱ्याने साक्ष बिघडवली.

तसाच गुळगुळीतपणा संवादांत पकडता येतो. १९८६च्या हकिकतीतला पोलीस शुद्ध पुस्तकी मराठीत ‘येथून त्वरित निघून जा’ म्हणत असेल तर ते वाक्य टेबलावर तयार झालंय. ‘होग्री, होग्री’ (कन्नडमधलं ‘जा, जा’) असं तसंच ठेवून खाली अर्थ दिला असेल तर टिपणाऱ्याचा कान शाबूत आहे. कोण कुठल्या भाषेत ओरडलं, कुणी कुणाला ओळखलं, दार कुणी उघडून आत घेतलं, शेजारचं कानडी घर त्या रात्री काय करत होतं, हे ज्या आठवणींत येतं त्या पुन्हा पुन्हा वाचाव्यात. अशा फार थोड्या आहेत.

या गठ्ठ्याबद्दल मुख्य तक्रार हीच. भाषणं पुढाऱ्यांची, फोटो पुढाऱ्यांचे, आणि ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांना दोन पानं. बायका तर बहुतेक ‘माता-भगिनींनी ओवाळले’ एवढ्या ओळीत संपतात. साराबंदीत, म्हणजे शेतसारा न भरण्याच्या आंदोलनात, जप्तीला माणसं दारात आली तेव्हा आधी काय लपवलं, तुरुंगातल्या माणसाच्या वाटणीची मळणी कुणी केली, कर्ज कधी फिटलं, हे विचारलेलं नसतं, म्हणून छापलेलं नसतं. अनुक्रमणिकेत बायकांची नावं मोजा. एकही नसेल तर ते चळवळीचं पुस्तक झालं, गावावर काय गुदरलं त्याचं नाही.

सीमाप्रश्नाबाहेर एक पाऊल टाकायचं तर निपाणी. १९८१चं तंबाखू आंदोलन, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्ग अडवून बसलेले शेतकरी आणि ६ एप्रिलचा गोळीबार. तिथे भांडण भाषेचं नव्हतं, तंबाखूच्या भावाचं होतं. दोन गोळीबारांच्या हकिकती लागोपाठ वाचल्या की दु:ख सांगायची भाषा कुठे सारखी आणि कुठे वेगळी ते दिसतं. एकीकडे अस्मितेचे शब्द, दुसरीकडे किलोचे दर, व्यापारी, वजनातली कटती. निपाणीवरचं लेखन सीमालढ्याच्या संग्रहात घालणारे संपादक कमी. घातलं असेल तर पुस्तकाला दोन गुण जास्त.

वाचायची पद्धत. आधी वहीच्या एका पानावर तारखांची उभी पट्टी काढा. १९४६ (बेळगावच्या साहित्य संमेलनातला संयुक्त महाराष्ट्राचा ठराव), १९५६च्या दोन तारखा, १९६६-६७ महाजन आयोग, १९८६, २००४ (सर्वोच्च न्यायालयातला दावा), २०१४. प्रत्येक लेखाचं पान या पट्टीवर लिहीत जायचं. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने गावांची सूची करा, कारण या संग्रहांना सूची नसतेच. प्रत्यक्ष साक्षी एका बैठकीत दोनपेक्षा जास्त घेऊ नका. पाचव्या साक्षीला मन बधिर होतं आणि सगळी माणसं एकसारखी वाटायला लागतात. वाचनालयाच्या कार्यक्रमात एखादी साक्ष मोठ्याने वाचायची असेल तर त्या घरातल्यांना आधी सांगा, ते समोर बसलेले असू शकतात. मृतदेहाचा फोटो असलेलं पान व्हॉट्सअॅपवर फिरवू नका.

मिळण्याचं म्हणाल तर संमेलनाचा स्टॉल सगळ्यात बरा, बऱ्याचदा टिपून घेणारा माणूसच तिथे बसलेला असतो आणि त्याला विचारता येतं. वाचनालयात जुने अंक मिळतात, पण बरेचसे देवघेवीला नसतात, बसूनच वाचावे लागतात. रद्दीच्या दुकानात नशीब. मोबाईलवर फिरणाऱ्या पीडीएफपासून जपून. पुन्हा टाइप करताना आणि स्कॅनमधून अक्षरं काढताना १ आणि ९ची अदलाबदल होते, जोडाक्षरं फुटतात, आणि साल चुकलं की पुढचं सगळं चुकतं. साल मूळ छापील पानावर एकदा बघून घ्यायचंच.

आणलेली प्रत जूनच्या आत जागेवर लावा. बेळगावच्या पावसात स्मरणिकेचा चकचकीत कागद ओल धरतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि ओढली की अक्षरांसकट सुटतात. भिंतीला टेकवून ठेवू नका, मध्ये चार बोटं जागा सोडा. जुन्या पिना गंजून मधली पानं सोडतात, त्या काढून सुई-दोऱ्याने तीन टाके घाला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवाल तर आत बुरशी येते, जुनं सुती धोतर किंवा साडीचा तुकडा गुंडाळलेला चांगला.