शिक्का खरा, लेबल खरे, तरीही फसवणूक

जुन्या जॅझ रेकॉर्डच्या खरेदीत मी फसलो, पण माझ्या हाती आलेली तबकडी बनावट नव्हती, हे आधीच सांगितलेले बरे. कारण बनावट माल ओळखण्यापुरता अभ्यास मी केला होता आणि त्याच भरवशावर गाफील राहिलो.

ब्लू नोट या अमेरिकन कंपनीची १९६४ साली निघालेली एक एलपी 'ओरिजिनल फर्स्ट प्रेसिंग, निअर मिंट', म्हणजे मूळ पहिल्या खेपेत दाबलेली आणि जवळजवळ नव्यासारखी, अशा वर्णनासह एका विक्रेत्याने विकायला काढली होती. छायाचित्रातील लेबलवर 'न्यूयॉर्क यूएसए' असे छापलेले होते. कंपनीच्या आधीच्या लेबलांवर लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू किंवा वेस्ट ६३ स्ट्रीटचा पूर्ण पत्ता असे, त्यामुळे १९६४ च्या रेकॉर्डला हे लेबल शोभणारेच होते. शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, ज्याला संग्राहक डेड वॅक्स म्हणतात, त्याचे छायाचित्र मी मागितले, तेव्हा ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या नावाचा शिक्का दाखवणारे एक चित्र आले. माझे समाधान झाले, आणि चूक इथेच झाली.

ब्लू नोट १९६६ मध्ये लिबर्टी या कंपनीने विकत घेतली. तोवर तिच्या रेकॉर्ड प्लॅस्टिलाइटच्या कारखान्यात दाबल्या जात आणि डेड वॅक्समध्ये त्या कारखान्याची एक छोटी वळणदार खूण उमटे. मुळात ते इंग्रजी 'पी' हे अक्षर, पण कानासारखे दिसते म्हणून सगळे तिला 'कान'च म्हणतात. विक्रीनंतर कारखाना बदलला आणि कान गेला, मात्र व्हॅन गेल्डर यांचा शिक्का असलेले जुने साचे वापरात राहिले, शिल्लक लेबले आणि जुनी जॅकेटेही संपेपर्यंत वापरली गेली. म्हणजे लेबल, जॅकेट आणि शिक्का तिन्ही अस्सल असूनही तबकडी नंतरची असू शकते. (ज्या एलपी मुळातच या विक्रीनंतर निघाल्या, त्यांच्या पहिल्या प्रेसिंगवरही कान नसतो, तेव्हा कान दिसला नाही म्हणून प्रत्येक विक्रेत्यावर संशय घेऊ नये.)

पार्सल आल्यावर मी तबकडी दिव्याखाली तिरपी धरून दोन्ही बाजू फिरवून पाहिल्या. कान कुठेच नव्हता. मग ते छायाचित्र पुन्हा उघडले, तर शिक्क्याच्या दोन्ही अंगांना चित्र नेमके कापलेले होते. विक्रेत्याला विचारले, तेव्हा त्याचे उत्तर असे की त्याने फर्स्ट प्रेसिंग म्हटले होते, कानाविषयी एक शब्दही लिहिला नव्हता! १९६४ च्या एलपीबाबत या दोन गोष्टींचा अर्थ एकच होतो, हे त्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

'निअर मिंट'ची गतही तीच. धुऊन पुसलेली तबकडी आरशासारखी चमकत होती, पण ट्रम्पेट वरच्या पट्टीत गेला की आवाज फाटत असे, आणि लेबलजवळच्या खाचांमध्ये तर अधिकच. पूर्वीच्या जड टोनआर्मने, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याने, झिजवलेल्या खाचा डोळ्यांना दिसत नाहीत. सर्वांत जोरकस भागाचे, शक्यतो बाजूच्या शेवटाकडचे, ध्वनिमुद्रण मागवणे एवढाच उपाय असतो, आणि मी ते मागितले नव्हते.

पैसे परत मिळाले नाहीत, त्याला माझाच लोभ कारण आहे. शुल्क वाचेल म्हणून त्याने ऑनलाइन पेमेंट सेवेतला मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवण्याचा पर्याय सुचवला आणि मी तो स्वीकारला. अशा व्यवहाराला खरेदीचे संरक्षण लागू होत नाही, हे मी तक्रार करायला गेल्यावर वाचले.

दोन महिन्यांनी त्याच विक्रेत्याची दुसरी ब्लू नोट रेकॉर्ड विक्रीला आलेली दिसली. वर्णन शब्दशः तेच होते, आणि डेड वॅक्सचे छायाचित्रही शिक्क्याच्या दोन्ही अंगांना तसेच कापलेले होते.